खळं

डोन्या ओर्फेलिना मिल्याकुरांनी
पहिलं खळं मोजलं ते एक्क्याण्णव साली,
कास्त्रोतल्या शाळेच्या मागच्या खोलीत.
काचेच्या बशीत जंतूंचं फिकं गवत,
मधोमध औषधाची टिकली,
आणि टिकलीभोवती, चंद्राला पडावं तसं,
स्वच्छ मोकळं खळं.
एकतीस मिलिमीटर.
कॅलिपर वडिलांचा, होड्या बांधायचे ते;
त्याच्या जबड्याला अजून डांबराचा वास.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.
हे सगळं वहीतलं.

दर मार्चला, थंडीची चाहूल लागली की
बाई होडी काढायच्या,
सॅल्मनच्या पिंजऱ्यांखालून
चाळीस मीटरवरचा काळा गाळ उपसायच्या.
औषध खाद्यात, खाद्य पाण्यात, पाणी गाळात,
आणि गाळात हे, ज्यांना कुणी धरलंच नव्हतं हिशेबात.
सत्तावीस. चोवीस. चोवीस. एकोणीस.
दोन हजार सातच्या पानावर आकडा नाही.
‘धक्क्यावर येऊ दिलं नाही’ एवढंच,
खाली कॉफीचा डाग.

लोक विचारायचे, जंतू हे शिकतात कुठून?
बाई म्हणायच्या, आईकडून कमी, शेजाऱ्याकडून जास्त.
मिंगा आठवा. बार्रियांचं घर कसं हललं?
खाली ओंडके, पुढे बैलांच्या जोड्या,
अख्खं गाव दोराला,
आणि घर चुलीसकट, पडद्यांसकट
भरतीवर तरंगत पलीकडच्या बेटावर.
तसंच हे.
चार-पाच जनुकं ओवलेलं एक वाटोळं सूत
याच्या अंगातून त्याच्या अंगात.
नातं नको, कूळ नको, कागदपत्रं नकोत.
नुसता शेजारधर्म.
मग जरा थांबून:
‘आपल्यापेक्षा बरा पाळतात, एवढंच वाईट.’

बर्गनहून बोलावणं आलं होतं. दोन वर्षं राहून परतल्या.
का, विचारलं तर म्हणाल्या,
तिथल्या फ्रीजरमध्ये माझा गाळ नव्हता.

मी बाटल्या धुवायला लागलो
तेव्हा खळं अकरावर आलं होतं.

मग त्या जूनमध्ये एलिआसारच्या पोटरीचा पू आला.
बाईंचा धाकटा भाऊ. पाणबुड्या. पिंजऱ्यांची जाळी शिवायचा.
कंपनीचा पगार तीस वर्षं
त्याच घरात येत होता, जिथे ही वही होती;
यावर दोघं कधी बोलले असतील तर मला माहीत नाही.
मी आठ टिकल्या ठेवल्या.
सकाळी झाकण काढलं.
गवत टिकल्यांच्या काठाला भिडलेलं.
बाईंनी कॅलिपर पुसला.
मी म्हटलं, शून्य लिहायला मोजायचं कशाला?
‘शून्य लिहीत नाहीत. टिकली स्वतः सहा मिलिमीटरची.
सहा लिही.’
आणि मोजलं. सातही वेळा.
आठवीला खळं होतं, बारीक.
ते औषध सान्तियागोहून यायला नऊ दिवस लागले.
पाय गुडघ्याखाली गेला.
एलिआसार अजून सांगतो, माझा पाय मिंग्याला गेलाय,
ओढायला मात्र कुणी बोलावलं नाही.
बाई या विनोदाला हसत नाहीत.
दुसऱ्यांना सांगतात मात्र.

आता त्या जांभळे बटाटे लावतात,
मार्चची होडी माझ्याकडे.
परवा फ्रीजरची यादी करताना
उणे ऐंशीच्या तळाशी सापडली एक्क्याण्णवची नळी,
अक्षर त्यांचंच, शाई उडालेली.
जागी केली. बशीवर पसरली. टिकली ठेवली.
निकाल बघायला बाईंना बोलावलं;
हाताला माती तशीच, त्या आल्या,
बशी खिडकीशी धरून
बराच वेळ बघत राहिल्या.
एकतीस.
यांना अजून काहीच कळलेलं नाही, म्हणाल्या,
झोपेत असलेल्या पोराबद्दल बोलावं तशा.

मग झाकण लावलं, टेप मारली.
‘बाकीच्या बशांपासून लांब ठेव.
शेजार लागू देऊ नकोस.’